सातवा सभासद

पतंगाला परवाना लागत नाही, हे मी वॉर्ड ऑफिसातल्या माणसाला पुन्हा पुन्हा सांगत होतो. पतंग कुठल्या कुठे उंच जातो, कुणाच्याही गच्चीत पडतो, त्याच्या मांज्यानं माणसांचे गळे कापतात, आणि त्याला कुणी काही विचारत नाही. आमचं विमान तर दोन तारांना बांधलेलं. तारेच्या लांबीपलीकडे ते जाऊच शकत नाही. मग त्यालाच परवाना कशाला?

"पतंगाला इंजिन नसतं," तो म्हणाला आणि त्यानं पुढच्या माणसाला हाक मारली.

वाद घालायची मला तेव्हाही सवय होती, आजही आहे. पण त्या वाक्याला बरं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

ही ऐंशीच्या दशकातल्या मधल्या वर्षांची गोष्ट. आम्ही मुलुंड पूर्वेला एका चाळीत राहायचो. स्टेशनपासून मिठागरांच्या बाजूला चालत गेलं की महापालिकेचा एक मोकळा प्लॉट लागायचा. बागेसाठी राखीव, असा बोर्ड होता. बोर्ड गंजला तरी बाग आली नाही, आणि ती येऊ नये अशीच आमची मनापासून इच्छा होती. रविवारी सकाळी मी आणि माझा मित्र तिथं विमान उडवायचो. मित्र पोस्टात होता, मी भांडुपच्या एका कारखान्यात फिटर. त्याचं घर मूळचं साताऱ्याकडचं, वडिलांच्या पिढीत बौद्ध झालेलं. आमचं मालवणकडचं. आमची दोघांची ओळख कॉलेजात एन.सी.सी.च्या हवाई विभागात कॅडेट असतानाची. विमानाचं वेडही तिथलंच, आणि नोकरी लागल्यावर ते सुटेल हा घरच्यांचा अंदाज साफ चुकला होता.

ज्यांनी हे विमान पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हलक्या लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणून चिकटवलेला पातळ कागद, नाकावर अंगठ्याएवढं इंजिन आणि त्याला छोटा पंखा. इंजिनात रॉकेल, ईथर आणि एरंडेल तेलाचं मिश्रण जायचं. त्याचा वास कपड्यांना असा बसायचा की आई माझे रविवारचे कपडे वेगळे भिजवायची. एका पंखाच्या टोकातून दोन बारीक पोलादी तारा निघून मैदानाच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसाच्या हँडलपर्यंत यायच्या. हँडल एकीकडे कललं की विमान चढतं, दुसरीकडे कललं की उतरतं. दुसरा माणूस विमान धरून ठेवतो, इंजिन नीट चालू झालं की सोडतो. मग विमान मधल्या माणसाभोवती गोल फिरतं आणि तोही त्याच्याबरोबर जागच्या जागी फिरत राहतो. तेल संपलं की इंजिन बंद पडतं आणि विमान आपलं आपण खाली येतं. सांगायला हे एवढंच. करायला लागलं की डोकं गरगरतं, पोटात ढवळतं, आणि तरी पुन्हा उडवावंसं वाटतं.

एका रविवारी हवालदार आला. शेजारच्या बंगल्यातल्या कुणाला आवाजाचा त्रास झाला होता. हवालदार स्वभावानं बरा होता, आधी त्यानं एक फेरी पुरी बघून घेतली. मग म्हणाला, "झकास आहे. परवाना दाखव."

परवाना नावाची काही गोष्ट असते हेच आम्हाला माहीत नव्हतं. तिथून आमची वरात सुरू झाली. पोलीस चौकीनं वॉर्ड ऑफिसकडे पाठवलं. वॉर्ड ऑफिस म्हणालं, आधी विमानतळाचं ना-हरकत पत्र आणा. विमानतळावरचा साहेब गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, उंची किती? मी म्हटलं, तारेएवढी. तो म्हणाला, तार किती? मी सांगितली. त्यावर तो इतका वेळ हसला की मला अपमान वाटायला लागला. पण पत्र त्यानं लगेच दिलं. शहरात एक जुना क्लब होता, त्याचे सभासद झालो असतो तर हा सगळा ताप वाचला असता. पण त्याला दोन जुन्या सभासदांची शिफारस लागे, आणि आमच्या ओळखीत शिफारस करण्याजोगा माणूस म्हणजे कोपऱ्यावरचा दूधवाला.

शेवटी वॉर्ड ऑफिसानं अट सांगितली. सार्वजनिक जागा एकट्यादुकट्याला मिळत नाही. मंडळ पाहिजे. मंडळाला अध्यक्ष सोडून सात सभासद पाहिजेत. अध्यक्ष पस्तिशीच्या पुढचा, याच वॉर्डात राहणारा, जबाबदार माणूस पाहिजे. मैदानावर सभासदांशिवाय कुणी विमानाला हात लावायचा नाही.

मी, मित्र आणि कारखान्यातले दोघे, असे चार झालो. ते दोघे विमानासाठी कमी आणि रविवारी घरातून सुटका म्हणून जास्त यायचे. मित्राची वहिनी पाचवी. दहिसरला राहणारे त्याचे भावोजी सहावे. उरले सातवा सभासद आणि अध्यक्ष.

मी आधी वडिलांना विचारलं. विचारायला नको होतं असं नाही, पण उत्तर मला माहीत होतं.

वडील गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे, होते. संप संपला होता, पण संपला असं कुणी तोंडानं म्हणत नव्हतं. त्यांची गिरणी पुन्हा उघडलीच नाही. मधेच एकदा गेटवर बोलावून काही कागदांवर सह्या घेतल्या. थोडे अडकलेले पैसे मिळतील असं सांगितलं होतं. वडिलांनी सही केली. नंतर कळलं, त्याच कागदात राजीनामाही होता. एवढी वर्षं साच्यावर उभा राहिलेला माणूस एका सहीनं आपणहून बाहेर पडल्यासारखा झाला. त्या दिवसापासून त्यांनी कशावरही सही करायची सोडली. रेशनचं असो, माझ्या बहिणीच्या शाळेचं असो, सही आई करायची. दिवसा ते फारसे बाहेर पडत नसत. चाळीत, बाजारात ओळखीचं माणूस भेटतं, काय चाललंय विचारतं, आणि मग काय सांगायचं? दाराच्या आतल्या बाजूला पेपर धरून बसायचे. पेपर वाचून झाला तरी धरून बसायचे. मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा, आणि दोन्ही एकदम आलं की मी आईवर चिडायचो.

"बाबा, एक सही पाहिजे होती. मंडळाचे अध्यक्ष म्हणून."

पेपर खाली आला नाही. "एकदा केलंय सही. पुरे."

चुलीपाशी, म्हणजे आमच्या स्टोव्हपाशी, आई भाकऱ्या थापत होती. ती म्हणाली, "माझी चलता काय?"

"तुझी?"

"कित्याक? मी पस्तिशीच्या फुडची नाय काय? का जबाबदार नाय?"

अशी माझी आई मुलुंडच्या हौशी विमान मंडळाची अध्यक्ष झाली. मित्राला हसू आवरेना. तो तिला मावशी म्हणायचा, त्या दिवसापासून अध्यक्षीण बाई म्हणायला लागला. सातवं नाव आम्ही असंच चाळीतल्या एका म्हाताऱ्यांचं घातलं आणि अर्ज दिला. ते महिन्याभरात लेकाकडे पुण्याला राहायला गेले, पण तेव्हा आम्हाला त्याची काळजी वाटली नाही. कागदावर माणूस कुठेही राहत नाही, असं आम्हाला वाटायचं.

तिथंच आम्ही फसलो. आमचा अर्ज वॉर्ड ऑफिसातल्या ज्या इन्स्पेक्टरच्या टेबलावर गेला तो नवा होता आणि झपाटून कामाला लागलेला होता. त्यानं मला आणि मित्राला बोलावून घेतलं.

"अध्यक्ष महिला आहेत?"

"हो."

"विमान उडवतात?"

मी खोटं बोललो असतो, पण मित्र माझ्याआधी बोलला. "उडवतात म्हणजे काय साहेब, झकास उडवतात."

"छान," इन्स्पेक्टर म्हणाला. "मग महिन्याभरानं मी पाहणीला येतो. सातही सभासद मैदानावर हजर पाहिजेत. आणि अध्यक्षांनी स्वतः उडवून दाखवायचं. परवाना उडवणाऱ्यांना मिळतो, नावांना नाही."

बाहेर आल्यावर मी मित्राला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो शांतपणे म्हणाला, "वाट लागली ती लागली यार. आता मावशीला शिकवू या."

आईला सांगितलं तेव्हा ती घाबरेल असं मला वाटलं होतं. तिनं पदरानं हात पुसले आणि विचारलं, कधीपासून?

पहिले धडे चाळीमागच्या बोळात झाले. विमान न घेता. दोन सुतळ्यांची टोकं आईच्या हातात, दुसरी टोकं मित्राच्या कमरेला. मित्र तोंडानं इंजिनाचा आवाज काढत तिच्याभोवती पळायचा. हँडल वर कललं की हात वर करायचा, खाली कललं की वाकायचा. पोस्टातला कायम झालेला माणूस! अख्खी चाळ गॅलरीत उभी राहून बघत होती. आई मात्र हसली नाही. तिचं लक्ष त्याच्यावरून हललं नाही.

मला भीती होती ती चक्कर येण्याची. मी स्वतः पहिल्या वर्षी मैदानावर दोनदा ओकलो होतो. तिला मी बजावत होतो, आई, गरगरलं की सांग, लगेच थांबू. पण तिला काही होत नव्हतं. शेवटी मी विचारलं, तुला चक्कर कशी येत नाही?

"फुगडी घातलंय मरे आयुष्यभर," ती म्हणाली. "फिरताना खाली बघूचा नाय, आजूबाजूक बघूचा नाय. समोरच्या बायचा तोंड बघूचा. आणि मागे रेलूचा, पण तिच्या हातावर विसंबान. मगे घर फिरता, आपण नाय."

मी आणि मित्रानं एकमेकांकडे बघितलं. कॉलेजात आम्हाला शिकवणाऱ्यांनी नजर विमानावर ठेवा असं हजार वेळा सांगितलं होतं, पण का ते कुणी सांगितलं नव्हतं. विमान तारा ओढून धरतं, आपण मागे रेलून तोल घेतो, ही दोघांची फुगडीच आहे. गौरीच्या जागरणात आई गावच्या बायकांत शेवटपर्यंत टिकायची हे मला आठवलं. मुंबईला आल्यावर जागा नव्हती, बायका नव्हत्या, सवड तर नव्हतीच. शेवटची फुगडी कधी घातली ते तिलाही सांगता आलं नाही.

मग खरं विमान. त्या रविवारी ती पातळ घट्ट खोचून आली होती. मित्र विमान धरून बसला, मी इंजिन चालू केलं. आईनं हँडल घेतलं, आणि आता सोडणार इतक्यात तिनं ते जमिनीवर ठेवलं, विमानाकडे बघून दोन्ही हात जोडले, डोळे मिटले, आणि हँडल पुन्हा उचललं. मित्रानं विमान सोडलं. ते जमिनीवरून जरा उचललं, आईनं चढवायला हात वर कलवला, आणि विमान नाक खाली घालून जे आपटलं ते पंख्याचे तुकडे आमच्या पायाशी आले.

नमस्काराला हात मोकळे करताना तिनं हँडल खाली ठेवलं आणि उचलताना ते उलटं उचललं होतं. उलटं हँडल म्हणजे चढतीला उतरती. आमच्यातल्या कुणाकडून ही चूक झाली नसती. आमच्यातलं कुणी इंजिनाला हातच जोडत नसे.

"मावशी, यंत्राला नमस्कार कसला करता?" मित्र वैतागून म्हणाला. "यंत्राला तेल घालायचं!"

"तेल तू घातलंस मां? मगे नमस्कार कोणी घालूचो?"

आई तुकडे वेचत होती. मला वाटलं, आता रडेल. तिनं कपाळावरची टिकली काढली आणि हँडलच्या वरच्या टोकाला चिकटवली. "ही वर. आता चुकूचंय नाय," म्हणाली, आणि विमान दुरुस्त व्हायला किती दिवस लागतील ते विचारलं.

पुढच्या वेळी नमस्कार आधी झाला, हँडल मागून. विमान उडालं. पहिल्या फेरीत ती ओठ दाबून होती. दुसऱ्या की तिसऱ्या फेरीत तिचे खांदे सैल पडले, ती मागे रेलली, आणि मग माझ्या आईचा चेहरा मी पूर्वी कधी पाहिला नव्हता तसा झाला. आता तिला कुणी काही शिकवण्यासारखं उरलं नव्हतं. तेल संपलं, विमान उतरलं, तारा ढिल्या पडल्या, आणि ती धपकन खाली बसली. मी धावलो. तर म्हणाली, काय नाय रे, फुगडी सुटली की असाच होता. ओढणारा सोडता तेव्हा गरगरता, ओढता तेव्हा नाय.

तेव्हापासून ती दर वेळी तारा ढिल्या झाल्या की लगेच जमिनीवर बसायची, जरा वेळानं उठायची. आम्हालाही त्याची सवय झाली.

त्या महिन्यात आमच्या घरात एक बदल झाला. आई बोलायला लागली. म्हणजे आधीही बोलायची, पण कांदे किती, पाणी कधी, असलं. आता स्वयंपाक करता करता ती विमानाचं सांगायची. कुणाला सांगतेय ते कळायला मला वेळ लागला. माझ्याकडे तोंड असायचं, पण मी तर मैदानावर होतोच. ती दाराआडच्या पेपराला सांगत होती. आज वारो कसो होतो. आज इमान कसा गेला. पेपर हलत नसे.

एकदा वडील बाहेर गेलेले असताना ती मला सरळ म्हणाली, "परवानो मिळाक व्हयो, ता तुमका. माका एकच व्हया. त्येंनी एकदा येवन बघूक व्हया. माका बघूक नको, आभाळाकडे बघूक व्हया. तो माणूस मान वर करूक इसारलो, रे."

इतकी वर्षं मी दोघांना एकाच खोलीत बघत होतो, आणि तिला त्यांचं काय दिसत होतं ते मला दिसलं नव्हतं. मी फक्त चिडत होतो. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की या सगळ्या खटाटोपात परवान्यापेक्षा मोठं काही अडकलेलं आहे.

पाहणीच्या आदल्या दिवशी सातव्या सभासदाची आठवण झाली. म्हातारे पुण्यात होते. दुसरं नाव चालेल, पण तो माणूस मैदानावर येऊन सही करायला पाहिजे, असं वॉर्ड ऑफिसातून कळलं. मित्रानं दोन-तीन जणांना विचारलं, सगळ्यांना रविवारीच काहीतरी निघालं होतं. रात्री जेवताना मी वडिलांना पुन्हा विचारलं. या वेळी मी त्यांना हातही जोडले.

"तुमचा खेळ तुम्ही खेळा," ते म्हणाले. "माका कागदात घेव नको."

आईनं त्यांच्या ताटात भात वाढला.

सकाळी आम्ही निघालो तेव्हा वडील बाजाराची पिशवी झटकत होते. रविवारी भाजी आणायला ते लवकर जायचे, गर्दी व्हायच्या आत. बाजार एका बाजूला, मैदान दुसऱ्या. आईनं जाताना वळून पाहिलं नाही.

इन्स्पेक्टर वेळेवर आला. त्याच्याबरोबर एक शिपाई, हातात फाइल. त्यानं मैदान बघितलं, तारा बोटानं ओढून बघितल्या, बघ्यांना लांब उभं करा म्हणाला. मग माणसं मोजली. मित्राचे भावोजी दहिसरहून पहाटे निघून आले होते, वहिनी कडेवरच्या बाळासकट आली होती. अध्यक्ष सोडून झाले सहा.

"सातवा?"

"येतोय साहेब," मित्र म्हणाला. त्या माणसाला खोटं बोलायला कधी श्वाससुद्धा घ्यावा लागला नाही.

थोडा वेळ गेला. इन्स्पेक्टरनं घड्याळ बघितलं. "हे बघा," तो माझ्याकडे वळून म्हणाला, "मी कुणाचा दुश्मन नाही. पण सहा म्हणजे सहा. पुन्हा अर्ज करा." त्यानं फाइलची नाडी बांधायला घेतली.

आई मैदानाच्या मध्ये हँडल घेऊन उभी होती. ती आमच्याकडे बघत नव्हती. मैदानाला रस्त्याच्या बाजूनं छातीएवढी पडकी भिंत होती, तिकडे बघत होती. भिंतीपलीकडे वडील उभे होते. हातात भाजीची पिशवी, तीही रिकामी. बाजारात ते गेलेच नव्हते.

माझ्या आईनं वडिलांना चार लोकांत हाक मारलेली मी तोपर्यंत ऐकली नव्हती. चाळीत काही निरोप द्यायचा तर ती मला पाठवायची. ती मैदानाच्या मधून, इन्स्पेक्टर, शिपाई, बघे, सगळ्यांसमोर ओरडली, "अवो! आत येवा मां! सायब माणसां मोजतत!"

वडील दचकले. मला वाटलं, आता वळतील आणि जातील. पण ते भिंतीच्या पडलेल्या भागातून आत आले, सावकाश, पिशवीची घडी घालत.

"हे सभासद?" इन्स्पेक्टर म्हणाला.

"हो," मी आणि मित्र एकदम म्हणालो.

"मग इथं सही करा."

शिपायानं फाइल पुढे केली, पेन काढून दिलं. वडिलांनी पेन घेतलं नाही. ते फाइलकडे असे बघत होते की मला त्यांना तिथून घेऊन जावंसं वाटलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "आधी उडू दे. मगे बघतंय."

इन्स्पेक्टर वैतागला होता, पण एवढं थांबलोय तर, असं काहीसं पुटपुटला आणि त्यानं मान हलवली.

आईनं नमस्कार केला. हँडल उचललं. मित्रानं विमान धरलं, मी पंखा फिरवला, इंजिन किंचाळलं. आईनं मान डोलावली आणि मित्रानं हात सोडले.

विमान उठलं. एक फेरी, दोन फेऱ्या, आई मागे रेललेली, पातळाचा घोळ पायांभोवती फिरतोय. तिनं ते हळूहळू चढवलं, डोक्याच्या वरपर्यंत नेलं, पुन्हा अलगद आणलं. कारखान्यातले दोघे ओरडत होते. इन्स्पेक्टर फाइल काखेत मारून बघत होता. मी विमानाकडे बघत नव्हतो. मी वडिलांकडे बघत होतो. त्यांची मान वर झाली होती. विमान फिरत होतं तशी ती फिरत होती, तोंड जरासं उघडं, ऊन डोळ्यांत जात होतं तरी हात आडवा धरलेला नाही. मला भडभडून आलं आणि मी इंजिनाचा धूर डोळ्यांत गेल्यासारखं केलं.

तेल संपलं. इंजिन गप्प झालं. विमान तरंगत येऊन गवतात टेकलं आणि तारा ढिल्या पडल्या.

आई नेहमीसारखी खाली बसली नाही. साहेब समोर होता, अध्यक्षांनी मातीत बसकण मारणं तिला बरं दिसलं नसावं. ती ताठ उभी राहायला गेली, आणि एका बाजूला कलली. मी आणि मित्र विमानापाशी, लांब होतो. मी पळायला लागलो.

माझ्याआधी वडील पोचले. पिशवी कुठे पडली त्यांचं त्यांना कळलं नाही. त्यांनी आईचे दोन्ही हात धरले, हँडलसकट, आणि तिच्यासमोर पाय रोवून उभे राहिले. ती मागे झुकत होती आणि ते तिला तोलून धरत होते. तिचे डोळे त्यांच्या चेहऱ्यावर होते. आमच्या चाळीत नवराबायको रस्त्यानं चालतानासुद्धा चार पावलांचं अंतर ठेवायची, आणि इथं अख्ख्या मैदानासमोर माझे वडील माझ्या आईचे हात धरून उभे होते. कुणी हसलं नाही. वहिनीनं बाळाचं तोंड आपल्या खांद्याकडे वळवलं.

"बरा वाटता?" वडिलांनी विचारलं.

"व्हय. जरा रवा."

ते तसेच उभे राहिले. शिपाई फाइल घेऊन त्यांच्याजवळ गेला, जरा घुटमळला, आणि इन्स्पेक्टरनं त्याला हातानंच थांबवलं. आमचा वारा नेहमी याच वेळेला खाडीकडून सुटायचा, तसा सुटला होता. तारा गवतात पडून होत्या.

मग आई सावरली. तिनं हात सोडवून घ्यायला पाहिलं असावं, कारण वडिलांनी उजवा हात मोकळा केला. डाव्यानं तिला धरून ठेवलं होतं. तो मोकळा हात त्यांनी शिपायाकडे केला.

"खंय करूची सही?" ते म्हणाले.